आईची पाळी कधी थांबली

आई, तुला एक विचारायचं राहून गेलं. तुझी पाळी कितव्या वर्षी थांबली?

पहिल्याच ओळीत असं विचारलेलं तुला आवडणार नाही, माहीत आहे. तू आधी मागे वळून बघितलं असतंस, बाबा किंवा दादा खोलीत नाहीत ना याची खात्री केली असतीस, आणि मग म्हणाली असतीस, "कित्याक व्हयां तुका?" कशाला हवंय, सांगते. तुला जाऊन बारा वर्षं होत आली. एवढ्या वर्षांत तुझ्याविषयी कोणी मला काही विचारलं नव्हतं. चौकशी करणारे लोकही हळूहळू कमी होतात. आणि मग एके दिवशी एका डॉक्टरबाईंनी तुझ्याबद्दल दोन साधे प्रश्न विचारले, आणि त्यातल्या पहिल्याचं उत्तर मला देता आलं नाही.

मी अजून बोरिवलीच्या त्याच चष्म्याच्या दुकानात आहे. नवं गिऱ्हाईक आलं की डोळे तपासायला आत पाठवण्याआधी माहिती मीच विचारून घेते. साखर आहे का, ब्लडप्रेशर आहे का, आईवडिलांपैकी कोणाला काचबिंदू होता का. निम्मे लोक म्हणतात, माहीत नाही. मला त्यांचा राग यायचा. अरे, स्वतःच्या आईचे डोळे कसे होते हे माहीत नाही? आता राग येत नाही.

झालं असं की तीन वर्षांपूर्वी सकाळी दुकान उघडल्यावर लादी पुसलेली होती, ओली होती, आणि मी काउंटरमागून येताना घसरले. पडले म्हणजे काय, बसलेच जवळजवळ. डावा हात टेकला. एवढ्यावर मनगट मोडलं. हाडांचा डॉक्टर अगदी पोरसवदा होता. त्याने एक्सरे उजेडात धरला आणि विचारलं, "किती उंचावरून पडलात?"

"उंचावरून कुठे? उभी होते तिथेच."

"वय?"

"चव्वेचाळीस."

"पाळी चालू आहे?"

 मोडलाय हात आणि हा पाळीचं काय विचारतोय? शिवाय पोरगा माझ्या भाच्याएवढा. तुझीच मुलगी मी, आधी इकडेतिकडे बघितलं. मग सांगितलं की थांबून दोन वर्षं झाली. तो म्हणाला, "मग हात मी प्लॅस्टरमध्ये घालतो, पण मूळ दुखणं हाताचं नाहीये." त्याने हाडांची घनता मोजायचा स्कॅन लिहून दिला. मी घाबरले होते, पण तो प्रकार अगदी साधा निघाला. कपडे अंगावरच. एका टेबलावर उताणं झोपायचं, आणि वरून मशीनचा एक लांब हात हळूहळू सरकत जातो, कमरेवरून, पाठीच्या खालच्या भागावरून. टोचत नाही, आवाज नाही. मी छताकडे बघत पडले होते आणि मला गंमत वाटत होती की माझ्या आतलं, मी कधीच न बघितलेलं काहीतरी हे मशीन मोजतंय. मग रिपोर्ट आला आणि गंमत गेली. कण्याची हाडं माझ्या वयाच्या मानाने खूपच विरळ झाली होती. त्या पोराने मला एका बाईडॉक्टरांकडे धाडलं.

त्या डॉक्टर तुला आवडल्या असत्या. लहानखुऱ्या, केस न रंगवलेल्या, बोलायला एकदम रोखठोक. म्हणाल्या, "बेचाळिसाव्या वर्षी पाळी थांबली आणि तुम्ही कोणाला दाखवलं नाहीत?"

"मला वाटलं, सुटले."

"सगळ्यांना तसंच वाटतं. आईची कधी थांबली होती?"

"माहीत नाही."

"बरं, आईची हाडं कशी होती?"

आई, ते मात्र मला माहीत होतं. मी बोलायला लागले ती थांबेचना. आधी तुझं मनगट सांगितलं. वाकोल्याला नळावर बादली उचलताना पाय सटकला, तू हात टेकलास आणि मोडलं, अगदी माझ्यासारखं, तेव्हा तू पन्नाशीत होतीस. मग तुझी पाठ धरायला लागली. तू त्याला वात म्हणायचीस आणि तेल लावायचीस. मग ती फळी. आपल्या स्वयंपाकघरात ओट्याच्या वर मसाल्यांची फळी होती, त्यावरचा तिरफळांचा डबा तुझ्या हाताला येईना झाला, आणि तू दादावर चिडलीस, "ही फळी कोणी वर लावल्यान?" दादा शपथा घेत होता की त्याने खिळ्याला हातही लावलेला नाही. तुझा विश्वासच बसेना. मी माहेरी आले होते, तर तू मला साक्षीला उभं केलंस. मी फळीकडे बघितलं, खिळ्यांकडे बघितलं. तुझ्याकडे कोणी बघितलं नाही. मग साड्यांचं सुरू झालं. नेसलेली साडी पायाखाली यायची, तू कमरेला एक जास्तीची घडी खोचायचीस आणि म्हणायचीस की हल्ली गिरणीवाले पन्हा वाढवून ठेवतात, कापड फुकट घालवतात. दिवाळीला दादाने घेतलेली मोरपंखी साडी तू मला देऊन टाकलीस, कारण म्हणे ती माझ्याच उंचीची आहे. माझी आणि तुझी उंची एकच होती आई. मी ती साडी घेतली आणि आनंदाने नेसले, पण हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं होतं. त्यांनी विचारलं, "मग खुबा?"

"हो. साठाव्या वर्षी. मोरीत. ऑपरेशन झालं, पण उठल्याच नाहीत त्या. छातीत कफ झाला."

त्यांनी पेन उचललं, ते लिहून घेतलं आणि म्हणाल्या, "आईच्या पाळीचं वय शोधून काढता आलं तर काढा. तुमच्यासाठी हवंय, आणि मुलगी असेल तर तिच्यासाठीही."

तर मी शोधायला लागले. कोणाला विचारणार? बाबा नाहीत. दादाला फोन केला तर तो म्हणाला, "हे काय विचारतेस गं तू मला?" मावशी तर तुझ्याआधीच गेली. मग मी आठवू लागले. आणि मला गणपतीच्या गोळ्या आठवल्या.

दर वर्षी श्रावण संपता संपता तू भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभी राहायचीस आणि बोटांवर काहीतरी मोजायचीस. मग मला जवळ बोलवून, जुनी रिकामी स्ट्रिप वर्तमानपत्रात गुंडाळून द्यायचीस. "पुलाजवळच्या औषधवाल्याक दाखव. काही बोलू नको, निसता दाखव." मला ते कशाचं औषध हे कितीतरी वर्षं कळलं नव्हतं. नववीत कधीतरी एका मैत्रिणीने सांगितलं, पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या. गावाला गणपतीला घरात वीस माणसं, मोदक, नैवेद्य, आणि त्यात तू बाजूला बसलीस तर आजी काय म्हणेल, या धसक्याने तू दर वर्षी त्या घ्यायचीस. एसटीत बसल्याबसल्या पाण्याबरोबर गिळायचीस. दुष्परिणाम काय, किती दिवस घ्यायच्या, कोणा डॉक्टरला विचारलंस का, कसलं काय.

मी अकरावीला गेले त्या वर्षी तू मला औषधवाल्याकडे धाडलंच नाहीस. बॅगा भरून झाल्या होत्या, बाबा आणि काका पंख्याखाली चहा पीत बसले होते, आणि मीच आपली शहाणी, मोठ्याने विचारलं, "आई, यंदा गोळ्या नाही आणायच्या?" तू माझा दंड असा पकडलास की खूण उठली. "तोंड बंद ठेव गो, बापूस बसलो हा." तेवढंच. त्यानंतर मी तुला त्या विषयाचं काही विचारलं नाही. तूही बोलली नाहीस. मला पहिल्यांदा पाळी आली तेव्हा तू कपाटातून कापड काढून दिलंस आणि गुळाचा शिरा केलास, आणि तुझी गेली तेव्हा काहीच नाही. मी अकरावीत म्हणजे सोळाची, म्हणजे तू एक्केचाळीस. माझ्यापेक्षाही एका वर्षाने आधी. पण हा माझा अंदाज. कदाचित त्या वर्षी तुझी तारीखच मागेपुढे असेल. मला पक्कं हवं होतं.

म्हणून मी गोराईला गेले, तुझ्या मैत्रिणीकडे.

तिला तू विसरणं शक्य नाही. मरोळच्या त्या पेनच्या कारखान्यात तुझ्या शेजारी बसायची ती. मी सुट्टीत तुझा विसरलेला डबा द्यायला यायचे तेव्हा तुम्ही आठ-दहा बायका लांब टेबलाभोवती बसलेल्या असायच्या, कोणी स्प्रिंग घालतेय, कोणी रिफिल, कोणी टोपण दाबतेय, आणि सगळ्यांच्या वर तिचा आवाज. कोळीण, अंबाड्यात कायम फूल. तू गेलीस तेव्हा ती वाकोल्याला आली होती आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत नुसती बसून राहिली होती. तिचा नंबर दादाकडे होता. रविवारी खाडीपर्यंत रिक्षाने गेले, बोटीने पलीकडे उतरले. ती दाराबाहेर सुकट निवडत बसली होती. आई, ती तुझ्यापेक्षा चांगली आठ-दहा वर्षांनी मोठी, आणि पाठ बघ तर काठीसारखी सरळ. मला बघून कोणाचाही हात न धरता जमिनीवरून उठली.

चहा झाला, माशांचं झालं, सुनेचं झालं. मग मी हळूच विषय काढला. मला वाटलं होतं ती लाजेल. ती मोठ्याने हसली.

"अगं बाय, ते सगल्या टेबलाला माहीत होतं! तुझी आई आमच्यात वयानं ल्हान. आनि सुटली सगल्यांच्या आधी. आमी जलायचो तिच्यावर. मला तर पन्नास उलटली तरी चालूच."

"नक्की कधी, मावशी?"

"कधी म्हंजे? पुरं वरीस झालं काय नाय आलं, तेवा आमी म्हटलं, आता पार्टी पायजे. तिनं सगल्या टेबलाला वडापाव आनले. गरम गरम. सुपरवायझर इचारतो, कसली पार्टी? ही काय म्हनते? म्हनते, मुलगी दहावी पास झाली!"

 त्या वडापावांची गोष्ट मला माहीत होती. तू त्या दिवशी घरी येऊन मला सांगितलं होतंस की माझ्या पास होण्याचे वडे तू कारखान्यात वाटलेस. बावन्न टक्के पडले होते मला. शेजारच्या मुलीला बहात्तर, आणि तिच्या घरी कोणी साखरसुद्धा वाटली नव्हती. किती वर्षं मी ते मनात जपून ठेवलं होतं, की माझ्या आईने बावन्न टक्क्यांना वडापाव वाटले.

मी तिला तसं सांगितलं. ती आधी खूप हसली, मग माझ्याकडे बघून थांबली. "दोन्हीचे असतील गो. निकाल पन त्याच आठवड्यात होता तुझा. एका खर्चात दोन कामं, तुझी आई तशीच होती."

मग तिने आणखी एक सांगितलं. की त्या वर्ष-दीड वर्षात तू सारखी जागा बदलून मागायचीस. टेबलाच्या टोकाला हवा बाहेर फेकणारा पंखा होता, त्याच्यासमोर बसायला. तुझा चेहरा मधेच लाल व्हायचा, पदराने मान पुसायचीस. सुपरवायझर ओरडायचा. "आमी म्हनायचो, हिला काय ताप येतो का? ती म्हनायची, काय नाय, आग आग होते नि जाते." तू तिला हेही सांगितलं होतंस की घरी बोलू नको. ती बोलली नाही. इतकी वर्षं.

परत येताना बोटीत मी एवढंच करत होते, पुरं वर्ष कोरडं गेल्यावर थांबली धरतात, म्हणजे एक्केचाळीस, एक्केचाळीस. दुःख वगैरे नव्हतं. खरं तर मला मजा वाटत होती. टेबलाभोवती बसलेली, वडापाव खाणारी, सुपरवायझरला तोंडावर थाप मारणारी ही बाई मला नवीन होती. आणि त्याच वेळी डोक्यात दुसरं चाललं होतं, की ज्या गोष्टीची तू पार्टी दिलीस त्याच दिवसापासून तुझ्या आत काय सुरू झालं होतं.

ते मला डॉक्टरांनी नीट समजावलं. मी पुन्हा गेले तेव्हा तुझा जावई बरोबर होता. तो लिफ्ट दुरुस्तीच्या कामातला, त्याला प्रत्येक गोष्ट कशी चालते ते कळायला हवं असतं. डॉक्टर म्हणाल्या, "हाड म्हणजे एकदा बांधली आणि झाली अशी बिल्डिंग नाही. शरीर रोज थोडं जुनं हाड पाडतं आणि थोडं नवं भरतं. पाळी चालू असताना अंगात इस्ट्रोजेन नावाचं हार्मोन असतं, तोवर दोन्ही कामं बरोबरीने चालतात. ते गेलं की पाडापाडी जोरात आणि बांधकाम मागे. तुमच्याकडे रिडेव्हलपमेंट बघता ना?" हा म्हणाला, "आमच्या समोरचीच पाच वर्षं पाडून ठेवलीय." त्या म्हणाल्या, "तसंच. ज्या बाईची पाळी पन्नाशीला जाते तिचंही हे होतं. यांचं आठ-दहा वर्षं आधी सुरू झालं. आईचंही तसंच झालं असणार."

मग त्यांनी पॅच दाखवला. आई, तो इतका लहान असतो! पातळ, पारदर्शक, पोस्टाच्या तिकिटाएवढा. पोटावर खालच्या बाजूला नाहीतर कुल्ल्यावर लावायचा, आठवड्यातून दोनदा बदलायचा, दर वेळी जागा वेगळी. त्यातून इस्ट्रोजेन कातडीतून थोडं थोडं रक्तात जातं. मी विचारलं, गोळी का नाही? तर म्हणाल्या की गोळी पोटातून आधी यकृतात जाते आणि तिने रक्तात गुठळ्या व्हायचा धोका थोडा वाढतो, पॅचमधलं हार्मोन थेट रक्तात जातं म्हणून ती भीती कमी. आणि माझं गर्भाशय जागेवर आहे, म्हणून सोबत दुसऱ्या हार्मोनची एक गोळी रात्री, नाहीतर आतलं अस्तर वाढत जातं. नुसता पॅच पुरत नाही, चालायचं, वजन उचलायचं, कॅल्शियम, व्हिटॅमिन डी, हे सगळं आहेच.

तुझ्या जावयाने फोनवर आधीच सगळं वाचून ठेवलं होतं. "पण यात कॅन्सरचं लिहिलंय."

"लिहिलंय, आणि ते वाचलंत हे चांगलं केलंत. साठीच्या बाईला हे नव्याने सुरू करणं वेगळं आणि यांना देणं वेगळं. यांच्या वयाच्या बहुतेक बायकांच्या अंगात हे हार्मोन अजून आपोआप तयार होतंय. मी वरून जास्तीचं काही देत नाही, लवकर गेलं ते भरून काढतेय. पन्नाशी-एक्कावन्नपर्यंत. मग पुन्हा बसू, पुन्हा विचार करू. त्याआधी छातीची तपासणी, ब्लडप्रेशर, घरात कोणाला गुठळ्या, कोणाला स्तनाचा कॅन्सर, सगळं बघणार."

"म्हणजे धोका नाही?"

"असं मी कुठे म्हटलं? धोका घेण्यात आहे, न घेण्यातही आहे. यांच्या आईचं ऐकलंत ना?"

मी त्यांना गणपतीच्या गोळ्यांचं सांगितलं. त्या खुर्चीत मागे रेलून हसल्या. "त्याही हार्मोनच्याच हो! माझ्याकडे अजून येतात बायका त्या मागायला. देवासाठी चालतात, तेव्हा कोणी फोनवर वाचत नाही. हाडांसाठी म्हटलं की सगळ्यांना भीती."

मग मी विचारलं, तुझ्या वेळी हे होतं का. मला हे विचारायचं नव्हतं, पण तोंडातून गेलंच. त्या म्हणाल्या की तेव्हाही गोळ्या होत्या. पण विचारायला कोण गेलं असतं, आणि गेलं असतं तरी डॉक्टरने काय सांगितलं असतं, ते आज सांगता येत नाही. त्यांनी मला बरं वाटावं म्हणून काही सांगितलं नाही, हे मला आवडलं.

तरी मी महिनाभर ठरवलं नाही. सगळे रिपोर्ट नीट आले होते. तरीही. दुकानात कोणी वाकलेली बाई चष्मा करायला आली की मी तिच्या पाठीकडे बघायचे. आरशाची उंची तिच्यासाठी खाली करायचे आणि मनात म्हणायचे, हिची कधी थांबली असेल? एक तर मी विचारणारच होते, जीभ चावली. मग एका शनिवारी घरी भांडी लावताना वरच्या कप्प्यातला कुकर काढायला मी स्टूल घेतलं. आधी घ्यायचे की नाही, आठवेना. खरंच आठवेना. मी तिथेच उभी राहून आठवत होते आणि मला दरदरून घाम फुटला. संध्याकाळी औषधांच्या दुकानात गेले. त्याच्याकडे नव्हताच, मागवावा लागला.

पॅचच्या गमती तुला सांगायला हव्यात. मुंबईचा घाम त्याला माहीत नाही. एप्रिल-मेमध्ये कडेने सुटायचा. एकदा पोटावर नाही, परकराच्या नाडीजवळही नाही, मी घरभर शोधतेय. संध्याकाळी तुझा जावई कामावरून आला, शर्ट काढला आणि बनियनवर पाठीमागे हा चिकटलेला. धुतलेल्या कपड्यांच्या ढिगातून गेला असणार. दिवसभर तो चाळीस मजले चढउतार करून आला होता. मी हसून हसून बसले. तो मात्र गंभीर, "मला काही होणार नाही ना?" आता मी अंघोळीनंतर जागा पूर्ण कोरडी करते, तेल-पावडर काही लावत नाही, तळव्याने दाबून धरते. मग टिकतो. सुरुवातीला छाती जड झाली होती, ते पुढे कमी झालं.

तुझ्या नातीलाही सांगितलं. तू गेलीस तेव्हा ती आठची होती, आता विशीची आहे. मी फार तयारी केली होती, दार लावून घेतलं, तिच्या शेजारी बसले. ती मोबाईलवरून मान वर करून म्हणाली, "मम्मी, कोणी मेलंय का?" मी सांगितलं, आजीची एक्केचाळिसाव्या वर्षी गेली, माझी बेचाळिसाव्या, तुझीही लवकर जाऊ शकते. जाईलच असं नाही. मूलबाळ, हाडं, सगळ्याचा विचार त्या हिशेबाने कर.

तिने मोबाईल बाजूला ठेवला. मग म्हणाली, "तुला आजीने सांगितलं नव्हतं?"

"नाही."

"मग तुला कसं कळलं?"

मी तिला कॅलेंडर सांगितलं, बोट सांगितली, वडापाव सांगितले. वडापावांवर ती इतकी हसली की मला तुझी मैत्रीण आठवली. म्हणाली, "यार, आजी झकास होती. मला फक्त तिची काठी आठवते." आणि नंतर जाता जाता, पाठमोरी, "बरं झालं सांगितलंस."

गेल्या महिन्यात पुन्हा स्कॅन झाला. तेच टेबल, तोच मशीनचा लांब हात. खुब्याच्या हाडाची घनता होती तेवढीच आहे, कण्याची किंचित सुधारलीय. डॉक्टर म्हणाल्या, "घसरण थांबली, हीच मोठी गोष्ट." पॅच बंद केला की हा फायदाही हळूहळू ओसरतो, तेव्हा पन्नाशीनंतर हाडांसाठी दुसरं काही औषध घ्यायचं का, ते तेव्हा बघू. मी हो म्हटलं. वाटेत तुझ्या जावयासाठी पापलेट घेतलं.

तू पॅच लावला असतास का, याचा मी खूप विचार करते. या पत्रात मी असं लिहीत आलेय जणू कोणी दाखवला असता तर तू आनंदाने लावला असतास. तसं मला वाटत नाही. बहुतेक तू म्हणाली असतीस, "माका नको असली थेरां." आणि मग मी तुझ्याशी भांडले असते. जिंकले असते की नाही, माहीत नाही.

आणि आता एक सांगते. मला रात्री आग आग व्हायची, पहाटे चारला जाग यायची आणि मग झोप नाही. तुला जाऊन इतकी वर्षं झाल्यावर तू मला जर कुठे भेटत असशील तर त्या वेळी. पंखा मोठा करून पडून राहायचे आणि तू यायचीस, कधी नळावरची, कधी आजारपणातली, कधी नुसती बोलत. पॅच लावल्यावर दोन महिन्यांत ती जाग बंद झाली. आता गजर होईपर्यंत सलग झोपते. तू येत नाहीस. माझ्या लक्षातही आलं नव्हतं, परवा दादाने तुझ्या वर्षश्राद्धाचं विचारायला फोन केला तेव्हा आलं.

म्हणून हे दुपारी, दुकानात गिऱ्हाईक नाही तेवढ्यात लिहितेय. पॅच मी थांबवणार नाही, आई. झोप फार छान लागते.